ओळख देणाऱ्याची सही

भोरच्या तहसील कचेरीसमोर माझं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक जुनं झेरॉक्स मशीन, गिऱ्हाइकासाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दाखले, उतारे, प्रतिज्ञापत्रं, राजपत्रात नाव बदलायचे अर्ज, जो जे मागेल ते टाइप करून द्यायचं. ‘मी खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हे वाक्य मी लोकांच्या वतीनं इतक्या वेळा लिहिलंय, की पहिला शब्द पडला की पुढचे बोटांतून आपोआप सांडतात. सत्य त्यांचं, टायपिंग माझं. आज पहिल्यांदा दोन्ही माझं आहे, तर बोटं अडखळतायत.

माणसांची नावं लिहिणार नाही. आडनाव एकच येईल, आणि तेही परमुलखातलं.

माझं सध्याचं आडनाव माझ्या वडिलांचं नाही. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून मी ते करवून घेतलं, तेव्हा मुलगी बालवाडीत होती. आम्ही बौद्ध. आमचं मूळ आडनाव ऐकलं की समोरच्याला तेवढ्यावरून कळायचं. भोरमध्ये भाड्याची खोली शोधताना मी ते पाठ केलं होतं, म्हणजे आडनाव नव्हे, त्यानंतर येणारं संभाषण.

“खोली आहे का?”

“आहे की! या, बसा. अगं, पाणी आण. नळ आतच आहे बरं का. काय म्हणालात आडनाव?”

मी सांगायचो.

“अस्सं.” मग आत तोंड करून, “अगं, ती खोली आपण भाच्याला देणार होतो ना?”

प्रत्येकाला भाचा असायचा. चौथ्या भाच्यानंतर मी अर्ज केला. राजपत्राची प्रत हातात पडली आणि आठवड्यात खोली मिळाली. पुढं काही वर्षांनी एसटी स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं. शेजारीपाजारी आम्हाला आपल्यातलेच समजायचे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलीला मात्र सांगितलं होतं, “शाळेत आजोबांचं आडनाव सांगायचं नाही.” का, असं तिनं एकदाच विचारलं. मी म्हणालो, “गोंधळ होतो.”

इथवरचं मी एखाद्याला सांगूनही टाकलं असतं. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, माझ्या दुकानातच येतात. मान खाली घालून कागद पुढं करतात, “आडनाव बदलायचंय.” मी “कारण?” विचारतो, ते “वैयक्तिक” म्हणतात, मी “वैयक्तिक” टाइप करतो. मीही त्यातलाच, हे एकालाही कधी म्हणालो नाही. पण ज्याचं ओझं आहे ते हे नव्हे. ते घरभरणीच्या दिवसाचं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाकडं असायचा. खड्डे बुजवायचे, गटारं काढायची, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू फासायचा. आबांचा तुकडा नसरापूरहून वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर होता. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर असं, की मैलाच्या दगडांवरची गावांची नावं साहेब त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. लहानपणी मी रंगाचा डबा धरून शेजारी उकिडवा बसायचो. आबा श्वास रोखून वेलांटी वळवायचे आणि मग सगळा श्वास एकदम सोडायचे.

घरभरणीला मी पूजा ठेवली नव्हती, नुसतं चहापाणी. गल्लीतली माणसं, कचेरीतले दोन कारकून, शेजारचे निवृत्त गुरुजी. आबांना मी बोलावलं नव्हतं. “पुढच्या आठवड्यात या, निवांत” असं कळवलं होतं. ते त्याच दिवशी आले. एसटीतून उतरून, धुतलेला सदरा, काखेत गोणपाटात गुंडाळलेली फळी. दारात सगळ्यांदेखत त्यांनी गोणपाट सोडलं. सागाची फळी, पांढरा ऑइलपेंट, वर काळ्या टपोऱ्या अक्षरात आमचं आडनाव. जुनं. आणि खाली बारीक अक्षरात, दगडावर घालतात तसं : ‘घर ० कि. मी.’

हसू येण्यासारखीच गंमत केली होती त्यांनी. गुरुजी चष्मा सावरत वाचायला पुढं झाले. मी फळी आबांच्या हातातून ओढून घेतली, उलटी करून भिंतीला लावली आणि म्हणालो, “हे आमच्या गावाकडचे पेंटर. दुसऱ्या कुणाची तरी पाटी आहे, देऊन जायला आलेत.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही.

“व्हय,” ते म्हणाले, “पेंटरच म्या.”

गुरुजी भला माणूस. म्हणाले, “मग पेंटर, यांच्या दाराची पण करा की एक. मजुरी काय घेता?”

“मजुरी पोचली,” आबा म्हणाले. माझ्या बायकोनं आतून पाणी आणलं. ते पाणी प्यायले, बाहेर गल्लीत खेळणाऱ्या नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या एसटीनं गेले. त्यानंतर ते माझ्या घरी कधीही आले नाहीत. मुलीला मी सांगायचो, “आबांना सिमेंटच्या घरात गुदमरतं.”

मी गावी जायचो. सणाला, दुखण्याखुपण्याला, भात झोडायला. आबा कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त ओट्यावरून हसून म्हणायचे, “या साहेब. पेंटरकडं काय काम काढलं?” लोकांना वाटायचं, बापलेकाची मस्करी. तालुक्याचं नाव वेल्ह्याचं राजगड झालं तेव्हा म्हणाले, “तालुक्यानंबी नाव बदाललं. पर राजरोस बदाललं बरं का. पेपरात आलं, लोकं बोलली. कुणाला पेंटर नाय म्हनलं.”

फळी मी फेकली नाही. दुकानातलं झेरॉक्स मशीन टेबलावर डुगडुगायचं, त्याच्याखाली घातली. अक्षरं खाली.

मुलगी शिकली, पुण्यात इंजिनिअर झाली, कंपनीनं स्वीडनला पाठवलं. दोन वर्षांनी तिनं व्हिडिओ कॉलवर तिकडचाच एक उंच, लाजरा मुलगा दाखवला आणि म्हणाली, “पप्पा, हा.” गेल्या हिवाळ्यात दोघं भोरला आली.

मुलगा दाराच्या चौकटीला कपाळ आपटूनच घरात शिरला. मांडी घालता येईना, तेव्हा माझ्या बायकोनं त्याला स्टुलावर बसवलं आणि ताट दुसऱ्या स्टुलावर ठेवलं. तो ज्वारीची भाकरी चमच्यानं तोडू बघत होता. मी बोलायला म्हणून, सवयीनं, मुलीला म्हणालो, “आडनाव काय यांचं? आणि त्यात हे कोण?”

मुलीनं भाषांतर केलं नाही. “पप्पा, त्यांच्यात ‘त्यात कोण’ नसतं.”

जो प्रश्न चुकवण्यात मी अर्धं आयुष्य घालवलं, तोच मी जावयाला पहिल्या जेवणाला विचारला होता. बायको भाकरी थापता थापता थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा थापायला लागली.

मुलाला आडनावाचं विचारलंय एवढं कळलं. तो खूश झाला. माझ्याकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं. बर्गस्ट्रोम. तो म्हणतो तेव्हा मधला ‘ग’ विरघळतो, ‘बेर्यस्त्रोम’सारखं काहीतरी ऐकू येतं. बर्ग म्हणजे डोंगर, स्ट्रोम म्हणजे वाहतं पाणी, ओढा म्हणा. तो इंग्रजीत सांगत होता, मुलगी मराठीत आणत होती. त्यांच्याकडं पूर्वी साध्या माणसांना आडनावच नसायचं. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, एवढंच. दर पिढीला बाप वेगळा, म्हणून ओळखही वेगळी. एकेका गावात एकाच नावाच्या बापांची एकाच नावाची पोरं इतकी, की पत्र भलत्याच्या घरी जायचं. सैन्यात तर हाक मारली की रांगच पुढं यायची, म्हणून तिथं शिपायांना वेगळी नावं देत. मग शे-सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी कायमची आडनावं घ्यायला सुरुवात केली. पुष्कळांनी तर झाड, डोंगर, पाणी, फांदी यांतले दोन शब्द निवडले आणि जोडले.

“म्हणजे यांच्या गावाला डोंगर आणि ओढा असणार,” मी म्हणालो. मला आमचं गाव दिसत होतं.

तो हसायला लागला. “मीही तसंच समजायचो. मुद्दाम जाऊन बघून आलो. डोंगर नाहीच. सपाट रान. एक ओहोळ आहे, तो मी उडी मारून ओलांडला.”

“मग डोंगर कुठून आणला?”

“ऐकायला बरा वाटला असेल पणजोबाच्या बापाला.”

बायको तोंडाला पदर लावून हसली. आता ते आडनाव तिकडं फार झालंय, तो म्हणाला. त्यांच्या कचेरीतच तिघं आहेत, एकमेकांच्या नात्यातले नाहीत. एसटीत हाक मारली तर चार डोकी वळतील, अशी आपल्याकडं आडनावं असतात, तसं. त्यांच्या देशात लग्न झालं की नवऱ्याला बायकोचं आडनाव घेता येतं. त्याला ते घ्यायचं होतं.

“म्हणून विचारतोय तो,” मुलगी म्हणाली. “आपल्या आडनावाचा अर्थ काय? कुठून आलं?”

मी म्हणालो, “गावावरून.”

“मग गावातल्या सगळ्यांचं हेच?”

“नाही. म्हणजे, मी घेतलं.”

“अच्छा, माझ्या पणजोबाच्या बापासारखं!” तो म्हणाला. “वेगळं दिसायला?”

स्वयंपाकाच्या ओट्याकडून बायको बोलली. ती एवढ्या वर्षांत या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. “सांगा की आता. त्यानं वेगळं दिसायला घेतलं. तुम्ही कशाला घेतलंत?”

“दिसू नये म्हणून,” मी म्हणालो.

एकदा तोंड उघडलं तसं मग सगळंच आलं. भाचे, राजपत्र, घरभरणी, पेंटर, मजुरी पोचली. मुलगी भाषांतर करत होती, करता करता मध्येच थांबली. मुलगा तिच्याकडं बघत राहिला. त्याला शब्दांची गरज राहिली नसावी.

“आबांना सिमेंटमध्ये गुदमरतं,” मुलगी सावकाश म्हणाली. “मी हे माझ्या मैत्रिणींना सांगायचे, पप्पा.” मग, “पाटी कुठंय?”

“दुकानात. मशीनखाली.”

“त्या मशीनवर मी माझ्या पासपोर्टची झेरॉक्स काढली होती.”

ती रडली नाही. उठून हात धुतले आणि म्हणाली, “किल्ली द्या.”

आम्ही तिघं कचेरीच्या रस्त्यानं चालत गेलो. मशीन बर्गस्ट्रोमनं उचललं, मुलीनं फळी ओढली. अक्षरांमागचा पांढरा रंग पिवळा पडला होता, पण एका वेलांटीचा पोपडा सोडला तर अक्षरं जशीच्या तशी होती. मुलीनं ओढणीनं ती पुसली आणि मोठ्यानं वाचली, आडनाव आणि खालची ओळही. बाजूच्या चहावाल्यानं मान वर करून पाहिलं. मला नेहमीसारखी धडकी भरायला हवी होती. भरली नाही. मी कॉम्प्युटर सुरू केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं नाही. लिहिलं : ‘वडिलांचे आडनाव पुन्हा धारण करणेसाठी.’ एक अर्ज माझा, एक मुलीचा. तिचं झाल्याशिवाय त्याला घेता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नसरापूरवरून आम्ही गावाला गेलो. वाटेत मुलगी त्याला दगड दाखवत होती. आता ते काँक्रीटचे आहेत, छापील. दोन जुने मात्र अजून गवतात आहेत.

आबा ओट्यावर बसले होते. “या साहेब. पेंटरकडं काय काम काढलं?” आणि मग वर बघून, “आन् हे येवढं लांबडं पाव्हणं कोन?”

मी फळी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोट वेलांटीवरून फिरवलं, जिथं रंगाचा पोपडा उडाला होता तिथं थांबले.

“आबा, मी चुकलो. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला पेंटर म्हणालो, आणि ही पाटी दुकानात मशीनखाली घातली.”

“आन् म्या व्हय म्हनलो,” आबा म्हणाले. “नाय म्हनलो असतो तर तिथंच मिटलं असतं. पोराचं खोटं झाकलं म्या. मग येवढी वर्सं टोमनं मारत बसलो.” त्यांनी फळी उन्हाकडं धरली. “प्रायमर लावला व्हता म्हनून टिकली. मशीनखाली ठिवली व्हय? वजन चांगलं पेललंन.”

मुलीनं त्यांना बर्गस्ट्रोमचं सांगितलं. नवरा बायकोचं आडनाव घेणार, म्हणजे आबांचं, हे कळल्यावर ते लई हसले. खोकला येईपर्यंत.

“त्येला म्हनावं, जड हाय. उचलंल का?”

“तो अर्थ विचारतोय, आबा.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मीसुद्धा नीट ऐकलं नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या आजानं त्यांना सांगितलेलं. दोन गावांत शिवेचा तंटा पडला, की आमच्या एका पूर्वजाला बोलवायचे. कागद नव्हते. तो डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचा आणि तो चालेल ती शीव. दोन्ही गावं मानायची. त्या कामावरून हे आडनाव पडलं. खरं किती, खोटं किती, मला माहीत नाही, दप्तरात सापडणार नाही. पण शीव चालणाऱ्याच्या घरात पुढं मैलाचे दगड रंगवणारा जन्मला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुलगी सांगत होती तोवर बर्गस्ट्रोम ओट्याखाली अंगणात उभा होता, म्हणून त्याचं डोकं आबांच्या डोक्याबरोबर आलं होतं. तो म्हणाला, “माझ्या आडनावात नुसता देखावा आहे, तोही खोटा. याच्यात माणूस चालतोय.”

मुलीनं ते मराठीत सांगितलं. आबांनी पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “बरं बोलतंय,” ते म्हणाले. “च्या ठिवा त्येला.”

मी अर्ज काढला. “आबा, प्रतिज्ञापत्राला ओळख देणारा लागतो. कचेरीत येऊन सांगायचं, की मी या माणसाला ओळखतो, आणि खाली सही.”

“कोन देतं?”

“कुणीही. वकील देतो, शेजारी देतो. मला तुमची पाहिजे.”

आबांनी फळी मांडीवरून उचलून शेजारी भिंतीला टेकवली. “सोमवारी बघू,” ते म्हणाले. “गुडघ्यावर हाय.”

गुडघ्यावर नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या कागदाला ते नाही म्हणाले असते तरी मला बोलायला जागा नव्हती. अर्ज दुसऱ्या कुणाच्या सहीनं मंजूर झाला असता. मला आडनाव परत मिळालं असतं, बाप नसता मिळाला.

सोमवारी सकाळपासून मी दुकानात होतो, पण एकही अक्षर टाइप केलं नाही. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. वेल्ह्याकडची एक एसटी आली, ते नव्हते. दुसरी उशिरा आली. आधी काठी उतरली, मग धुतलेला सदरा, मग काखेत गोणपाटात गुंडाळलेली फळी. मुलगी धावली.

कचेरीत गर्दी होती. रोज माझ्याशी हसणारा कारकून कागदावरून नजर फिरवून थबकला. जुनं आडनाव, नवं आडनाव. त्यानं वर पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. मग तो आबांकडं वळून रोजच्या सरावानं म्हणाला, “बाबा, या इसमाला तुम्ही ओळखता?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. या वेळी फार वेळ. रांगेतलं कुणीतरी मागून म्हणालं, “बोला की बाबा, घाई आहे.” त्यांनी त्या क्षणी ‘म्या पेंटर हाय ह्यांचा’ म्हटलं असतं, तर ते न्यायाचंच झालं असतं.

“वळाकतो,” आबा म्हणाले, आणि रस्त्यावर लांबच्या गड्याला हाक मारतात तशा आवाजात, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं, “माझं पोरगं हाय ह्ये! घावायला उशीर झाला, पर माझंच हाय!”

कारकून हसला. रांग हसली. मी हसलो की काय केलं, मला सांगता यायचं नाही. आबांनी पेन घेतलं, श्वास रोखला, सही काढली आणि सगळा श्वास एकदम सोडला. ओळख देणाऱ्याच्या रकान्यात आमचं आडनाव टपोरं, वळणदार, रकान्याबाहेर जाऊन बसलं.

तिथून आम्ही घरी गेलो. फळीवर रंगाचा नवा हात होता, वेलांटीचा पोपडा भरलेला. खिळा बर्गस्ट्रोमनं मारला, त्याला स्टूल लागलं नाही. शेजारचे गुरुजी आता थकलेत. ते काठी टेकत आले, चष्मा सावरला, पाटी वाचली, मग आबांकडं बघितलं.

“तुम्ही ते पेंटर ना?”

“व्हय,” आबा म्हणाले. “आन् ह्येचा बाप.”

गुरुजींनी पुन्हा एकदा पाटीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, “अक्षर सुरेख आहे हो.” आणि आत येऊन चहा घेतला. गल्लीतली दोन घरं हल्ली बोलत नाहीत. दोन पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. आबा त्या रात्री आमच्याकडंच राहिले, सिमेंटच्या घरात, आणि त्यांना गाढ झोप लागली.

दोन्ही अर्ज राजपत्रात निघाले. तिकडं लग्नाची नोंद झाली आणि मुलीनं फोटो पाठवला. बर्फात बुडालेलं पायरीचं टोक, निळं दार, दारावर इंग्रजी अक्षरांत आमचं आडनाव. जे ऐकून भोरात प्रत्येकाला भाचा आठवायचा, ते तिथं डोंगर-ओढ्याच्या जागी बसलंय. आबांनी फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “रंग बरा हाय. खाली आकडा नाय घातला?”

ते आडनाव मी इथं लिहिलेलं नाही. यात इकडच्या कुणाचंच लिहायचं नाही, असं सुरुवातीला ठरवलं म्हणून, लपवायचं म्हणून नव्हे. ज्याला वाचायचंय त्यानं भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत यावं. डावीकडचं चौथं दार. पांढऱ्यावर काळी अक्षरं आहेत, रस्त्यावरून दिसतात. खाली शून्य आहे.